सोपाऱ्याचा स्तूप आणि वसईचा कोट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नालासोपाऱ्यात राहायला आल्यापासून गावाकडचे पाहुणे आले की त्यांना स्तूप दाखवायचे काम माझ्याकडे असते. गुहागर, खेड, मंडणगडहून आलेली माणसे तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेले बरे.

नेमके जायचे कुठे?

पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, नालासोपारा पश्चिमेला. स्टेशनचे नाव नाळे आणि सोपारा या दोन गावांवरून पडले. स्तूप आहे तो सोपारा गावात. रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' सांगा. तरुण पोरगा असेल आणि त्याला कळले नाही, तर एखाद्या जुन्या माणसाला 'बुरुड राजाचा कोट' कुठे ते विचारा. हे नाव स्तूपापेक्षा जास्त मुरलेले आहे.

हे देऊळ आहे, विहार आहे की स्तूप?

स्तूप. म्हणजे आत शिरायला गाभारा नाही, दार नाही. भाजलेल्या विटांची भरीव रचना, तिच्या पोटात पवित्र अवशेष ठेवलेले, आणि भक्ताने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. मूर्तीसमोर हात जोडायची सवय असलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटे चुकल्यासारखे होते. इथे उभे राहायचे नसते, चालायचे असते, एवढे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही.

मग त्याला 'कोट' का म्हणतात? तट तर कुठेच दिसत नाही.

स्तूप म्हणजे काय हे गाव विसरले, पण टेकाड तर समोर होते. एवढ्या विटा कोणी रचल्या असतील? कोणा राजाने. कोणत्या? बुरुड राजाने. म्हणून हा त्याचा कोट, त्याचा वाडा. लोकांनी आपल्या परीने उत्तर शोधले ते असे.

आता बुरुडच का, ते पाहा. गावाचे जुने संस्कृत नाव शूर्पारक, पालीत सुप्पारक. शूर्प म्हणजे सूप. आणि सुपे विणतो कोण? बुरुड. संस्कृत विसरले, पाली विसरली, बौद्ध धर्म गेला, बंदर गेले, पण नावातले सूप कुठेतरी शिल्लक राहिले आणि त्याने एक राजा जन्माला घातला, अशी माझी समजूत आहे. भाषेच्या अभ्यासकाने मान हलवली तरी मी ती सोडणार नाही.

परशुरामाची कथा सांगणाऱ्या आपल्या कोकणी माणसांसाठी आणखी एक गोष्ट. महाभारतात समुद्राने जामदग्न्यासाठी, म्हणजे परशुरामासाठी, जो देश मोकळा केला, त्याचे नाव शूर्पारक असेच दिले आहे. म्हणजे चिपळूणच्या परशुरामाला हात जोडून इथे आलात, तर कथेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला आलात.

एवढे महत्त्व कशासाठी? आज तर सगळीकडे चाळी आणि इमारतीच दिसतात.

कारण हे बंदर होते, आणि साधेसुधे नव्हते. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचे नाव येते, टॉलेमीच्या भूगोलात येते. श्रीलंकेच्या महावंस या पाली इतिहासग्रंथात विजय राजपुत्राचे जहाज लंकेला पोचण्याआधी सुप्पारकाला लागते. घाटावर नाणेघाटात, कार्ल्याच्या खांबावर, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये सोपाऱ्याची माणसे सापडतात. आजचा माणूस पावती फाडतो, त्या काळचा खांबावर नाव कोरून घ्यायचा.

मग बंदर गेले कुठे? खाडी गाळाने भरत गेली. मोठी गलबते आत येईनाशी झाली, व्यापार दुसरीकडे वळला. आज सोपाऱ्यात उभे राहून समुद्र दिसत नाही, त्यामुळे 'बंदर' म्हटले की पाहुणे माझ्याकडे संशयाने बघतात.

स्तूपात काय सापडले?

हा प्रश्न विचारलात की मी चहा मागवतो, कारण हे दोन वाक्यांत होत नाही.

१८८२ च्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले. जुनागढचा हा विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेला. त्यांना टेकाडाच्या मध्यभागी एक मोठी गोल दगडी पेटी लागली. झाकण काढल्यावर आत मधोमध तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती आठ छोट्या धातूच्या मूर्ती. सात मानुषी बुद्ध, म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले, आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध.

तांब्याच्या करंडकात चांदीचा. चांदीच्यात दगडाचा. दगडाच्यात स्फटिकाचा. स्फटिकाच्यात सोन्याचा. आणि या सगळ्याच्या आत, सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत काय असावे? हिरा नाही, माणिक नाही. सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याची बारीक खापरे.

ही खापरे बुद्धाच्या भिक्षापात्राची असावीत, असा भगवानलालांचा तर्क. ते खरे की नाही हे कोणी सिद्ध करू शकत नाही. पण ज्यांनी ती ठेवली त्यांच्या मनात काय होते ते त्या पाच डब्या सांगतात. घरात सोने ठेवायला आपण मातीचे गाडगे वापरले, जमिनीत पुरले. इथे उलटे केले आहे, खापरे ठेवायला सोने वापरले आहे.

पेटीत गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही होते. हा सातवाहन राजा दुसऱ्या शतकातला. मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांचे अंतर! म्हणजे मूळ अवशेष आधीचे, आणि नंतर कधीतरी कोणी पेटी उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा श्रद्धेने बंद केली असावी. देवघरातल्या जुन्या टाकांशेजारी नातसुनेने नवी मूर्ती ठेवावी, तसे.

ते सगळे स्तूपाजवळ पाहायला मिळते का?

नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळ्यात जास्त हिरमोड इथेच होतो. करंडक आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये. तिथे कधी पाहता येतील हे आधी फोन करून विचारा, सरळ जाऊन धडकू नका. सोपाऱ्याला सापडलेले अशोकाचे शिलालेख पाहायचे तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे लागते.

म्हणून माझा सल्ला असा की सोपारा एका दिवसात 'करून टाकू' नका. एक दिवस इथे, दुसरा दिवस मुंबईत. टेकाड एकीकडे, त्याच्या पोटातले दुसरीकडे आणि त्याच्या शेजारचे तिसरीकडे अशी फाळणी झालेली आहे, ती आपणच पायाने जोडायची.

शिलालेखात काय लिहिले आहे?

सोपाऱ्याला अशोकाच्या चौदा लेखांचा संच कोरलेला असावा असे मानतात. हाती लागले त्यातल्या दोन लेखांचे तुकडे. आठव्याचा तुकडा भगवानलालांना १८८२ मध्येच भाटेला तळ्याजवळ मिळाला. नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. आमच्याकडचे लोक हे दोन्ही एका श्वासात सांगतात, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत.

आठव्या लेखाचा विषय कोणता असावा? प्रवास! अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. शिकार आणि तशाच करमणुकी हा त्यांचा उद्देश. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचे तेही सांगितले आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटून दान द्यावे, म्हाताऱ्या माणसांना भेटून त्यांना द्रव्य द्यावे, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटावे, धर्माबद्दल सांगावे आणि विचारावे.

यात 'पाहावे' असे आहे ते माणसांना. वास्तू पाहा, मूर्ती पाहा, असे त्यात कुठे नाही. सहलीची बस लावून येणाऱ्या मंडळींना मी हा लेख आधी सांगतो, मग स्तूपाकडे नेतो. पंचवीस जण उतरून, फोटो काढून, वीस मिनिटांत परत बसमध्ये चढले, तर ती सम्राटाच्या हिशेबाने विहारयात्रा. स्तूपाच्या आजूबाजूच्या गल्लीत एखाद्या आजीशी चार शब्द बोललात तर धम्मयात्रा. एवढे सोपे आहे.

नववा लेख मंगलविधींवर आहे. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवासाला निघणे, अशा वेळी लोक नाना मंगले करतात, त्यात बायका तर फारच, आणि त्यांचे फळ थोडे, असे अशोक म्हणतो. खरे मंगल कोणते? नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान, प्राण्यांबाबत संयम, दान. आमच्या मावशीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मंगलं बायकाच करतात, कारण आजारपणं पण बायकाच काढतात. त्याला कोण सांगणार?" बरोबर आहे तिचे.

गौतम बुद्ध स्वतः इथे आले होते का?

परंपरा हो म्हणते, पुरावा नाही. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. तो भिक्षू झाला, इथे चंदनाचा प्रासाद उभारला गेला आणि बुद्ध त्यासाठी आले, अशी. ऐतिहासिक घटना म्हणून ती सांगू नका, पण कथा म्हणून टाकूनही देऊ नका.

याच पूर्णाचा पालीतला संवाद मला जास्त आवडतो. पूर्ण सुनापरांत देशात जायला निघतो. अपरांत म्हणजे आपले उत्तर कोकण, आणि सुनापरांत म्हणजे हाच प्रदेश असे बरेच अभ्यासक धरतात. बुद्ध त्याला विचारतात, 'तिथले लोक फार तापट आणि कठोर आहेत. त्यांनी शिव्या दिल्या तर?' पूर्ण म्हणतो, 'हात उगारला नाही, म्हणजे भलेच आहेत असे समजेन.' 'हात उगारला तर?' 'ढेकळे मारली नाहीत, म्हणजे भलेच आहेत.' मग काठी, मग शस्त्र, असे करत प्रश्न थेट जिवावर येतो आणि पूर्णाचे उत्तर काही बदलत नाही. तेव्हा बुद्ध म्हणतात, 'जा, तू तिथे राहू शकशील.'

अडीच हजार वर्षांपूर्वीसुद्धा कोकणी माणसाच्या तोंडाची ख्याती मगधापर्यंत पोचलेली होती, यावर आमच्या घरात कोणालाच आश्चर्य वाटले नाही.

कोकणातून कसे यायचे?

कोकण रेल्वेने गुजरातकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या वसई रोडला थांबतात. तिथे उतरून विरार लोकल धरली की पुढचेच स्टेशन नालासोपारा. दिव्यापर्यंतच येणारी गाडी मिळाली तर दिवा-वसई मेमू आहे, तिच्या वेळा मात्र मोजक्या, त्या पाहूनच निघा. दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडण्याचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो, पण पिशव्या, फणस आणि म्हातारी माणसे घेऊन दादरचा पूल चढायची हौस असेल तरच.

मुंबईतून?

चर्चगेटहून विरार फास्ट, सव्वा तासाच्या आसपास. सकाळी मुंबईकडून विरारकडे जाणारी गाडी मोकळी असते, कारण गर्दी उलटीकडे असते. संध्याकाळी पाचच्या आत परत निघा. त्याच्यानंतर मुंबईकडे जायला त्रास नाही, पण नालासोपाऱ्याच्या फलाटावर समोरून येणाऱ्या लोंढ्यातून जिन्यापर्यंत पोचणे हा एक वेगळाच प्रकार आहे.

कोणत्या दिवसांत यावे?

डिसेंबर-जानेवारीची सकाळ. पावसाळ्यात विटा शेवाळलेल्या आणि पायाखाली चिखल, शिवाय वसई-विरार पट्ट्यात रुळांवर पाणी भरले की लोकलचा भरवसा नाही. ऑक्टोबर आणि मे घामाचे.

बुद्ध पौर्णिमेला गेले तर चालेल?

चालेल काय, एकदा तरी जाच. वैशाख पौर्णिमेला पांढऱ्या कपड्यांतली माणसे येतात, लेकरांना घेऊन येतात, त्रिशरण-पंचशील होते. नालासोपारा-विरारमध्ये रत्नागिरी, रायगडकडची किती तरी बौद्ध कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी ही सहल नसते, आपल्या घरचे ठिकाण असते. तुम्ही अभ्यासासाठी आला असाल तर त्या दिवशी वही खिशात ठेवा. विटांचे माप घ्यायचे तर दुसऱ्या दिवशी या.

तिथे वागायचे कसे?

प्रदक्षिणा घालताना स्तूप उजव्या हाताला ठेवायचा, देवळात घालतो तशीच. विटांवर चढायचे नाही, मुलांना चढवायचे नाही. मेणबत्ती आणि अगरबत्ती विटांवर लावू नका. मेण विटेत मुरते आणि काजळी जात नाही, श्रद्धेपायी आपणच आपला स्तूप खराब करतो. फुले वाहायची तर वाहा, पण प्लास्टिकची पिशवी परत घेऊन जा. विटेचा तुकडा 'आठवण म्हणून' नेणारे लोक मी पाहिले आहेत. जागा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे तो गुन्हाही आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी दोन हजार वर्षे जे टिकले ते आपल्या शोकेसमध्ये दोन वर्षे टिकणार नाही.

बौद्ध नसाल तरी मोकळेपणाने या. कोणी विचारत नाही.

खरे सांगा, पाहून निराशा होते का?

हो, होऊ शकते. सांचीचे चित्र डोक्यात घेऊन आलात तर नक्की होते. कोरीव तोरणे नाहीत, घुमट नाही. विटांचा गोल चौथरा, वर खचलेला ढिगारा, इकडेतिकडे सुटे दगड, झाडे, आणि पलीकडे कोणाच्या तरी गॅलरीत वाळत घातलेले कपडे.

मावशीला पहिल्यांदा नेले तेव्हा ती दोन मिनिटे उभी राहिली आणि म्हणाली, "एवढंच? यासाठी मला गुहागरातनं आणलंस?" मी जरा खट्टू झालो. मग झाडाच्या सावलीत बसून तिला पाच डब्यांची गोष्ट सांगितली. शेवटची सोन्याची डबी उघडली आणि आत खापरे निघाली म्हटल्यावर ती गप्प झाली. उठली, पदर नीट केला आणि तीन फेऱ्या घालून आली. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी गोष्ट सांगतो आणि मग स्तूप दाखवतो. जागा तीच, क्रम बदलला की सगळे बदलते.

किती वेळ लागतो?

नुसते पाहायला अर्धा तास. गोष्टीसकट दीड तास. जवळच चक्रेश्वराचे तळे आणि देऊळ आहे, आवारात जुनी शिल्पे आहेत, त्यात ब्रह्मदेवाची मूर्तीही आहे. ब्रह्मदेवाची मूर्ती रोज पाहायला मिळत नाही, तेवढ्यासाठी अर्धा तास वाढवा.

तटबंदीचे जुने शहर पाहायचे असेल तर?

मग त्याच दिवशी दुपारनंतर वसईचा किल्ला करा. इथे 'कोट' हा शब्द अगदी खरा. आपण किल्ला म्हणतो, पण हे तटाच्या आत वसवलेले आख्खे पोर्तुगीज शहर होते: रस्ते, चर्च, मठ, वाडे, बाजार. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. म्हणजे दोनशे पाच वर्षे. तटाखाली सुरुंग लावून, प्रचंड माणसे खर्ची घालून घेतलेला हा किल्ला. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्यातल्या काही आपल्या देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली आणि वाईजवळच्या मेणवलीतली घंटा वसईचीच, असे सांगतात.

आत हिंडताना चर्चच्या जमिनीकडे लक्ष द्या, पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा पायाखाली येतात. तिथे पाय जपून आणि मन शांत ठेवून चालायचे. सेंट जोसेफच्या मनोऱ्याचा चक्री जिना मोहात पाडतो, पण पावसात चढू नका. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांच्या कॅमेऱ्यासमोरून कसे निसटायचे, ते मात्र ज्याचे त्याने पाहावे.

आणि एक. बौद्ध स्थळ पाहून आलेल्यांना मी गोन्सालो गार्सियाची गोष्ट मुद्दाम सांगतो. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचा धर्मबंधू म्हणून जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. रोमच्या चर्चने १८६२ मध्ये त्याला संत ठरवले. याच किनाऱ्यावरून, म्हणजे सोपाऱ्याहून, त्याच्या कितीतरी आधी पूर्ण भिक्षूची कथा निघाली होती. हाल करणाऱ्या लोकांत जाणारा पूर्ण आणि दूरदेशी मरणारा गोन्सालो, दोघेही आमच्या तालुक्यातले.

स्तूपापासून किल्ल्यापर्यंत कसे जायचे?

नालासोपाऱ्याहून लोकलने एक स्टेशन मागे वसई रोड, तिथून पश्चिमेकडून किल्लाबंदरची बस किंवा रिक्षा. थेट रिक्षा केलीत तर भाडे आधी ठरवा, नंतरची चर्चा धम्माला धरून होत नाही.

राहायची सोय आहे का?

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत असती. नाशिकच्या लेण्यातल्या एका लेखात क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाचा जावई उषवदात सांगतो की आपण भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे उतरण्यासाठी चौसोपी निवास बांधले. शोर्पारग म्हणजे आपले सोपारा. वाटसरूची सोय करणे हे पुण्य, आणि ते कोरून ठेवणे हे त्याहून मोठे पुण्य, अशी समजूत असावी.

आता वसई, विरार, अर्नाळ्याकडे लॉज आणि रिसॉर्ट आहेत. आमच्या पाहुण्यांना आमच्या घरी गादी मिळते.

खाण्याचे काय?

स्टेशनबाहेर वडापाव, मिसळ, डोसा सगळे मिळते. पण रिकाम्या हाताने घरी जाऊ नका, वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, आगाशीकडची नावाजलेली. गडद तपकिरी, चिवट आणि गोड. चकचकीत पिवळी दिसली तर घेऊ नका.

कोकणात अशी आणखी ठिकाणे आहेत का? एवढ्या लांब येणे जमणार नाही.

आहेत, आणि तुमच्या दारातच आहेत, फक्त आपण तिकडे वळत नाही. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला गांधारपाले लेणी, सुमारे तीस. गाडीच्या खिडकीतून दिसतात आणि आपण 'परतताना बघू' म्हणतो. तळा-म्हसळ्याच्या बाजूला कुडे लेणी, सव्वीस. तिथल्या दानलेखांत महाभोजांच्या घराण्याबरोबर एक वैद्य आणि एक माळीही आहे. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी एकोणतीस लेणी आहेत. ती आधी हीनयान, मग वज्रयान हा तांत्रिक बौद्ध पंथ, मग नाथपंथ असा प्रवास करत गेली, हा बदल एका ओळीत उभे राहून पाहता येतो. मंडणगडला जाणार असाल तर बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे त्याच तालुक्यात आहे, ते वाटेत घ्या.

बोरिवलीला कान्हेरी आहेच, शंभरावर लेणी. पाणी सोबत घ्या आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका.

लहान मुलांना न्यावे का?

न्या. फक्त 'इतिहास' म्हणून सांगू नका, डब्यात डबा अशी गोष्ट सांगा. आमच्या शेजारचा सहा वर्षांचा मुलगा घरी जाऊन आईच्या पाच डब्या एकात एक घालून बसला होता. सगळ्यात आत काय ठेवलेस विचारले, तर म्हणाला, "सांगणार नाही, उघडून बघ."